मागच्या सीटचा लाल रंग

प्रिय अनुज आणि रेवा,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर दिसलात तेव्हा अनुजच्या हातात वीतभर लांबीची एक अर्धवट मोटार होती. खोक्यातून सुटे भाग येतात, ते जोडायचे आणि रंगवायचे, तसली. बाहेरून ती सुरेख झाली होती, पण अनुजचं तोंड उतरलं होतं. "आजी, आतल्या सीट वाळतच नाहीत. चार दिवस झाले. हात लावला की चिकटतं. मला रंगवताच येत नाही," तो म्हणाला.

मी लगेच सांगितलं की आतला भाग मऊ असेल, रबरासारखा वाकणारा. तसल्या भागाला तेलाचा रंग चालत नाही, तो त्यावर कधीच वाळत नाही. भाग साबणाच्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा आणि पाण्यात कालवायचा रंग पातळ पातळ थरांनी द्यायचा. "चूक तुझ्या हाताची नाही," असं म्हणाले आणि मला पुढे बोलता येईना. तुम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. रेवा "आजी, आजी" करत राहिली आणि मी फोन ठेवून दिला.

मग अनुजचा निरोप आला: सीट वाळल्या, पण हे तुला कसं ठाऊक?

त्याचं उत्तर हे आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही जड नव्हतं. आयुष्यभर तेच शिकवलं. पण ज्या भाषेत मी खोटं बोलले, त्याच भाषेत खरं सांगावं असं वाटतं. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

माझ्या कपाटातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, त्यावरून तुम्ही मला हसता. डाळी, औषधं, विजेची बिलं, सुया-दोरे. चिठ्ठी नसलेला डबा एकच आहे, सगळ्यात वरच्या फळीवर. बिस्किटांचा, पत्र्याचा, कोपऱ्यांना गंजलेला. सोमवारी सकाळी स्टुलावर चढून तो खाली काढला. झाकण निघेना. चमच्याच्या दांड्याने उचकटलं, तेव्हा आतून जवसाच्या तेलाचा वास आला, त्याच्यामागून टर्पेंटाइनचा, आणि मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले.

हा आमच्या अमडापूरच्या ओसरीचा वास.

राज्य तेव्हा नवं होतं, जेमतेम सात-आठ वर्षांचं. जुन्या पाट्यांवर जुन्या राज्याचं नाव होतं, ते खोडून नवं लिहायचं होतं. शाळा, सोसायट्या, दवाखाना, कापसाचं जिनिंग, सगळ्यांना पाट्या हव्या होत्या. त्या लिहायचे माझे बाबा, म्हणजे देवराव पेंटर. सायकलच्या दांड्याला रंगाचे डबे अडकवून ते चिखलीपर्यंत जात. बाजाराच्या दिवशी घरीच ओसरीवर बसत, आणि मग आमच्या घराचं दुकान होई. त्यांचे ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे होते, त्यांनी स्वतः बांधलेले. सरळ रेघ मारायला खडू लावलेली दोरी होती. तिचं एक टोक मी धरायचं, दुसरं ते धरत, मधोमध दोरी उचलून सोडली की फट् असा आवाज होई आणि पत्र्यावर पांढरी रेघ उठे. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कुठेही, कशानेही.

रंग ते घरीच कालवत. भुकटी, जवसाचं उकळलेलं तेल, टर्पेंटाइन. मापं नव्हती. काडीने ढवळत, काडी वर उचलून थेंब कसा पडतो ते पाहत आणि म्हणत, "झालं." कधी चुकत नसे. तेल जास्त झालं तर रंग वाळत नाही, टर्पेंटाइन जास्त झालं तर पोपडे धरतात, हे मला लिहायला येण्याच्या आधी कळत होतं. चिखलीला दुसरा एक पेंटर होता. त्याची बाबा थट्टा करत: "त्याच्या बोर्डावर दिवाळीले माशी बसली, थे होळीपावतर तिथंच हाय. सूर्यनारायण हारला बिचारा." सगळा बाजार हसायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर आमच्या दारात पाय ठेवायला जागा नसे. बैलांची शिंगं रंगवून घ्यायला माणसं रांगेनं उभी राहत. धुतलेल्या बैलांच्या अंगाचा ओला वास, शेणाचा वास, आणि त्यावर लाल, निळ्या, सोनेरी रंगाचा. बैल मान हलवायचा. बाबा त्याच्या कानाजवळ काहीतरी बोलत, आणि तो उभा राही. शिंगाच्या टोकाला ते सगळ्यात शेवटी सोनेरी लावत, आणि मग बैलाच्या मालकाला नव्हे, बैलालाच म्हणत, "जाय आता. पाह्य, तुले कोन वळखते."

"लाकूड असो, लोखंड असो, शिंग असो, भिंत असो," ते म्हणत, "माह्या रंगाले नाई म्हननारी वस्तू अजून पैदा व्हायची हाय. जो पेंटर वस्तूले नावं ठेवते, त्याच्या हातात खोट असते."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या वडिलांचा तेवढाच धर्म होता म्हणा.

मी अकरावीला होते त्या साली माघ महिन्यात त्यांनी एका किराणा दुकानाचा बोर्ड लिहिला, आणि तो वाळला नाही. काय झालं कोण जाणे. दोन दिवसांनी बाजारात धुरळा उडाला तो सगळा अक्षरांवर बसला, आणि त्यात चिलटं. दुकानदाराने काही म्हटलं नाही, पण बाजाराने म्हटलं. "देवराव, माशी उडाली का बे तुह्या बोर्डावरची?" त्यांचीच थट्टा त्यांच्याच अंगावर. बाबा हसले. बोर्ड उतरवून घरी आणला, खरवडला, पुन्हा लिहिला. पण त्या दिवसापासून ते रंग कालवताना काडी दोनदा वर उचलून पाहू लागले. मग तीनदा. आणि "झालं" म्हणायचे थांबले.

गावाबाहेर तेव्हा कोंबडीपालनाचं केंद्र निघालं होतं आणि तिथे अमेरिकेहून आलेला एक तरुण राहत असे. उंच, कोवळा, उन्हाने नाक सोललेला. सगळे त्याला कोंबडीवाला साहेब म्हणत. त्याच्या केंद्राची पाटी बाबांनी भिंतीवरच लिहिली होती, वर एक कोंबडा काढून, आणि तो कोंबडा साहेबाला इतका आवडला की त्याने त्याचे फोटो काढून आईला पाठवले. होळीनंतर तो कायमचा परत जायला निघाला, तेव्हा आमच्या ओसरीवर आला. आईने त्याला पार्सलने पाठवलेलं एक खोकं त्याच्या हातात होतं. ते त्याने उघडलंही नव्हतं.

"देवराव, मला वेळ नाही झाला. तुमचा हात चांगला. तुम्ही करा," तो आपल्या मराठीत म्हणाला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला की आत कागद आहे, तो आधी नीट वाच, सगळं त्यात आहे.

मी मान डोलावली. साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलला आणि मला ते कळलं, हे माझ्या मायने, बाबांनी आणि समोरच्या सायकल दुकानातल्या हमीदचाचांनी पाहिलं. बाबांनी त्या संध्याकाळी निदान दहा जणांना सांगितलं.

खोक्यावर मोटारीचं चित्र होतं. लांबलचक, निळी, टप उघडा, आतल्या सीट लालभडक. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचे भाग, आरशासारखे चमकणारे बंपर, चार टायर, एक इवलीशी काच, गोंदाची नळी, आणि बारीक छपाईचा घडीचा कागद. आतला भाग मात्र वेगळा होता. पुढच्या दोन सीट, मागची एक, आणि खालचा गालिचा. त्यांना वेगळा वास होता, नव्या पावसाळी चपलांचा. ते भाग बोटाने दाबले की दबत आणि परत येत.

माय म्हणाली, "पोरगी मॅट्रिकले बसून राह्यली, अन् बाप खेळनं रंगवनार. लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन देवरावनं मोटार घेतली," बाबा म्हणाले.

माझी परीक्षा संपेपर्यंत त्यांनी खोक्याला हात लावला नाही. मग चैत्रात, दुपारी, ओसरीला ओलं पोतं बांधून, आम्ही बसलो. बाहेर कडुलिंबाचा मोहोर गळत होता. जिनिंग बंद होतं. समोर हमीदचाचांचा पंप फुस् फुस् करायचा, बाकी सगळं गाव झोपलेलं. मी भागांचे नंबर पाहून ते रिकाम्या काड्यापेट्यांत ठेवले आणि पेट्यांवर आकडे घातले. बाबा त्या रांगेकडे पाहून म्हणाले, "माही मामलेदारीन हाय थे." मी कागद वाचायची आणि मराठीत सांगायची: आधी सात नंबर आठला चिकटवा, मग नऊ. ते चिकटवत. त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगांत कायमचा रंग बसलेला होता, कितीही घासलेट लावलं तरी न जाणारा. त्या बोटांत तो काडीएवढा दांडा असा काही धरलेला असे की मी श्वास घ्यायची नाही.

तेव्हा एकदा, चाकं बसवताना, मान वर न करता ते म्हणाले, "सुमे, तुले सांगून ठेवतो. हे गाडी जमली तं यंदा पोयाले शिंगं रंगवतो. नाई जमली तं ब्रश बांधून ठेवतो. उगाच लोकायचे बोर्ड कशाले खराब करा?"

मी म्हटलं, "बाबा, काहीतरीच."

"काहीतरी नाई. मले पाह्यचं हाय."

तर असं होतं. जे काही होतं ते त्या वीतभर गाडीवर होतं, आणि हे मला ठाऊक होतं.

निळा रंग त्यांनी गाडीला दिला आणि तो तासाभरात वाळला. तो तयार डब्यातला होता, त्यामुळे बाबांनी त्याचं श्रेय घेतलं नाही. लाल मात्र त्यांनी स्वतः कालवला. चित्रातला लाल त्यांना फिका वाटला. त्यांना पिकल्या मिरचीचा हवा होता, वाळवायला टाकल्यावर दुसऱ्या दिवशी असतो तो. काडी उचलून पाहिली. पुन्हा पाहिली. एक थेंब तेल, पुन्हा अर्धा थेंब टर्पेंटाइन. किती वेळ गेला. मग ते म्हणाले, "झालं." माघानंतर पहिल्यांदा.

ब्रश टेकवण्याआधी त्यांनी मला विचारलं, "कागद झाला का सगळा वाचून?"

कागद झाला नव्हता. चित्रं संपल्यावर खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत, एक परिच्छेद उरला होता. त्याच्या पहिल्या ओळीत मला न कळणारे दोन शब्द होते. डिक्शनरी आत पेटीत होती. ऊन होतं, लाल रंग वाटीत तयार होता, बाबांचा हात वर उचललेला होता, आणि हमीदचाचा पंप टाकून बघायला येऊन बसले होते. ते म्हणाले, "अरे, मेमसाब सब पढ लेती. तू रंग मार."

"झाला बाबा," मी म्हटलं. "एवढंच आहे."

बाबांनी खारीच्या केसांच्या ब्रशने सीट रंगवल्या. पुढच्या दोन, मग मागची. शिवणीच्या रेघा होत्या त्यांत त्यांनी काळ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढली. असं रंगवणं मी पुन्हा पाहिलं नाही. मोठमोठ्या शहरांतली चित्रं तुमच्या आजोबांबरोबर मी पाहिली आहेत, म्हणून म्हणते. हमीदचाचांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. माय पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "बापा! बसावं वाटते."

आमच्याकडे उन्हाळ्यात रंग डब्यात वाळतो, ब्रशवर वाळतो. संध्याकाळी बाबांनी मागच्या सीटला हलकेच अंगठा लावला. अंगठा चिकटला. "रात्रीतून वाळन," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात ठेवली, वरून काचेची बरणी पालथी घालून, धूळ बसू नये म्हणून. दुपारी अंगठा लावला. चिकटला. तिसऱ्या दिवशी. आठव्या दिवशी. रोज संध्याकाळी ते अंगठा लावत, अंगठ्याकडे बघत, आणि तो धोतराला पुसत. मग खारीच्या ब्रशने अंगठ्याची खूण निगुतीने बुजवत. धोतराच्या त्या एका जागी लाल डाग वाढत गेला, आणि मायने तो कधी धुऊन काढायचा प्रयत्न केला नाही.

हमीदचाचा म्हणाले, "देवराव, माल में खोट होगी, यार. वो रबर जैसा है. तेरा क्या कसूर?"

"मालाले नावं नोको ठेवू, हमीद. रंग माहा होता."

त्या रात्री जेवायच्या आधी त्यांनी मला हाक मारली. कंदील जवळ घेऊन बसले होते. इतक्या हळू बोलले की मायलाही ऐकू गेलं नसेल.

"सुमे, थ्या कागदात सीटायबद्दल काई लिवलं तं नाई ना, बाई? पाह्य बरं एक डाव."

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी कागद आणला. कंदिलाजवळ धरला. खालचा परिच्छेद तिथेच होता, त्याच दोन शब्दांनी सुरू होणारा. आता डिक्शनरी आणायला उठले असते तर मी तो आधी वाचला नव्हता हे उघड झालं असतं. माझं वय सोळा होतं. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, इंग्रजी वाचणारी मी पहिली. साहेब येऊन गेल्यापासून बाबा तेच सगळ्यांना सांगत होते. मी त्या परिच्छेदावरून डोळे फिरवले, न वाचता, आणि कागदाची घडी घातली.

"नाही बाबा. काहीच नाही. सगळं वाचलंय मी."

"बरं," ते म्हणाले. मग कंदील बाजूला सारत, "बरं झालं पाह्यलं. मनात शंका नोको."

जूनमध्ये निकाल लागला आणि मला अमरावतीच्या कॉलेजात धाडायचं ठरलं. त्याचं श्रेय मॅट्रिकच्या मार्कांइतकंच त्या कागदालाही होतं. एसटी सकाळची होती. माय दशम्या बांधत होती. बाबांनी बरणी उचलली, गाडी हातावर घेतली आणि मागच्या सीटला अंगठा लावला. नेहमीसारखा हलकेच नाही, चांगला दाबून, जरा वेळ. मग उचलून पाहिला. या वेळी ती खूण त्यांनी बुजवली नाही. गाडी बिस्किटाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि माझी ट्रंक उचलून स्टँडकडे चालू लागले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी अमरावतीले चालली. हाव, कालेजात. इंग्रजी घेतलं."

एसटी हलल्यावर खिडकीतून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "लिहजो, बाई. मराठीत लिहजो. आमाले वाचाले."

ट्रंकेच्या तळाशी मायने जुने कागद अंथरले होते, वर्तमानपत्रं आणि काय काय. त्यांत तो घडीचा कागदही होता. श्रावणात, होस्टेलच्या खोलीत, ट्रंक आवरताना तो हाताला लागला. तोवर मला डिक्शनरी फारशी लागत नव्हती. उभ्या उभ्या वाचला.

त्यात लिहिलं होतं की आतले मऊ भाग हे कडक भागांपेक्षा वेगळ्या पदार्थाचे आहेत. ते आधी साबणाने धुवावेत. त्यांना नेहमीचा तेलाचा रंग लावू नये. कोणी कितीही चांगला लावला तरी तो वाळणार नाही.

मी पलंगावर बसले. खाली मेसमध्ये जेवणाची घंटा झाली आणि मुली जिन्यावरून धडधडत उतरल्या. चार ओळींचं पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पुरलं असतं. पोळ्याला आठवडा होता. मी पोस्टकार्ड घेतलंसुद्धा. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. मग मेसचं जेवण लिहिलं, नव्या प्राध्यापिका लिहिल्या, पाऊस लिहिला, आणि जागा संपली.

उलट टपाली बाबांचं कार्ड आलं. त्यांचं पोस्टकार्डावरचं अक्षरही पाटीसारखं असे, जाड-बारीक, प्रत्येक शब्दाखाली सावली. "यंदा पोळ्याचे काम घेतले नाही. लोकांना चिखलीस जाण्यास सांगितले. काळजी करू नये. हातास आराम आहे."

दिवाळीत घरी गेले. ओसरी सारवून रिकामी होती. डबे नव्हते, वास नव्हता. फक्त कोनाड्यात एका फडक्यात ब्रश बांधून ठेवलेले होते, केसांना तेल लावून, लहान मुलीच्या वेण्या बांधतात तसे. बाबा जिनिंगच्या फाटकावर बसायला जात होते. कापसाचे बारीक तंतू त्यांच्या भुवयांवर, मिशांवर चिकटलेले असत. पेरांच्या भेगा स्वच्छ झाल्या होत्या. मला ते हात ओळखू येईनात.

पाडव्याच्या दिवशी हमीदचाचा फराळाला आले. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. चिवड्याची ताटली घेऊन बाहेर आले, "बाबा," म्हटलं, आणि बाबा त्याच वेळी चाचांना सांगत होते, "थो अख्खा कागद हिनं वाचला, हमीद. साहेबाचा. एक शब्द अडला नाई. माहा हात गेला तं गेला, पोरीचं डोकं उजेडात आलं. सौदा काई वाईट नाई झाला." आणि माझ्याकडे वळून हसले. "काय व, सुमे?"

मी म्हटलं, "चिवडा घ्या."

पुढच्या सुटीत सांगेन असं मनाशी धरलं होतं. माघात तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, आणि दारात हमीदचाचा बसले होते, पंप बंद ठेवून.

मायने कधीच काही विचारलं नाही. मी परत निघाले तेव्हा तिने तो डबा माझ्या ट्रंकेत ठेवला. "तुही गाडी हाय," एवढंच म्हणाली. ब्रश तिने स्वतःकडे ठेवले आणि ती असेतो दर महिन्याला त्यांना तेल लावलं. तिच्यानंतर ते कुठे गेले, मला सापडले नाहीत.

मुलांनो, मी नंतर पुष्कळ वर्षं शिकवलं. वर्गात कुणी मूल वाचताना एखाद्या शब्दावर अडलं, तर मी कधी रागावले नाही. पण न अडता पुढे गेलं, तर मात्र थांबवायची. मुलं मला खडूस म्हणत. माझं तरी कुठे चुकत होतं, असं मला तेव्हा वाटे. अनुज, तू सरळ म्हणालास, मला रंगवता येत नाही. माझे बाबाही तसंच समजत गेले, आणि त्यांना ते तसं नाही हे सांगणारी एक व्यक्ती जगात होती.

अमडापूरला शेवटची गेले त्याला बारा वर्षं झाली. बाजाराच्या रस्त्याने चालत गेले, वर बघत. सगळे बोर्ड आता फ्लेक्सचे आहेत, माणसांच्या चेहऱ्यांचे. शाळेची पाटी ग्रॅनाइटची आहे. कोंबडीच्या केंद्राची भिंत उभी आहे, पण तिच्यावर चुन्याचे इतके हात बसलेत की कोंबडा कुठे होता ते मलाही दाखवता आलं नाही. सायकल दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसाला मी हमीदचाचांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कोन होते, आजी?" मी म्हटलं, शेजारी.

डबा आत्ता माझ्यासमोर, टेबलावर उघडा आहे. गाडीचा निळा रंग जागोजागी उडाला आहे. एक बंपर नाही. काच पिवळी पडली आहे. पुढच्या दोन्ही सीटवर धूळ रुतून त्या तपकिरी झाल्या आहेत. मागच्या सीटला गाडीच्या मागच्या भागाचा आडोसा होता, म्हणून ती बरीचशी लाल आहे, वाळवायला टाकलेल्या मिरचीची, दुसऱ्या दिवशीची. तिच्यावर मधोमध एक ठसा आहे. भिंग लावलं की त्यातल्या रेषा मोजता येतात, आणि एका बाजूला आडवी भेग दिसते, पेरावरची.

तुमच्या पणजोबांच्या हाताचं एवढंच उरलं आहे. आज सकाळी त्या ठशाच्या अगदी कडेला मी करंगळी टेकवून पाहिली. रंग अजून ओला आहे.